भावंडांसोबत परक्या शहरात फिरताना दिवस चिडचिडीत जाऊ नये म्हणून

प्रौढ भावंडे एकत्र परदेशी फिरायला जातात तेव्हा त्यांचे वाजते ते सहसा मोठ्या कारणावरून नाही. सकाळी आवरायला कोणाला उशीर झाला, नकाशा कोणी पाहायचा, रांग सोडून स्वच्छतागृह शोधायला कोणी जायचे, अशा गोष्टींवरून ठिणगी पडते. शहर परके असले तरी भूमिका घरच्याच असतात. थोरल्याने ठरवायचे, मधल्याने समजूत काढायची आणि धाकट्याने कुरकुर करायची ही वाटणी पन्नाशीतही सुटत नाही. मित्रांसमोर आपण जो संयम पाळतो तो भावंडांसमोर पाळण्याची गरज कोणालाच वाटत नाही, हेही खरे. त्यामुळे ऐन रस्त्यात उभे राहून घ्यावे लागणारे निर्णय जितके कमी, तितका दिवस बरा जातो.

यासाठी आदल्या संध्याकाळी, सगळ्यांचे खाणे झाल्यावर, प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगाव्यात: उद्या काय पाहिल्याशिवाय राहवणार नाही आणि काय अजिबात नको. या वेळी ‘मला काहीही चालेल’ हे उत्तर मान्य करू नये. व्यवस्थापनशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक जेरी हार्वे यांनी 1974 मध्ये एका कुटुंबाचा किस्सा मांडला होता. टेक्सासच्या रणरणत्या उन्हात, वातानुकूलन नसलेल्या गाडीतून, चार माणसे जेवणासाठी दूरच्या अ‍ॅबिलीनला जाऊन आली आणि परतल्यावर कळले की मुळात जायचे कोणालाच नव्हते. प्रत्येकजण इतरांचे मन राखत होता. भावंडांच्या सहलीत असे अ‍ॅबिलीन हमखास येते, आणि ‘काहीही चालेल’ म्हणणाराच दुपारी सर्वांत जास्त फणफणतो.

ठरलेल्या ठिकाणांचे सुट्टीचे वार त्याच वेळी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्यावेत. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि तिथलेच ऑर्से संग्रहालय सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी उघडत नाहीत. बंद दारासमोर पोहोचल्यावर ‘बघायचे काम कोणाकडे होते?’ हा प्रश्न निघतो आणि तिथून पुढे दिवस सावरणे कठीण असते. तिकिटे काढली की ती प्रत्येकाच्या फोनमध्ये पाठवून ठेवावीत, कारण एकाच्याच फोनवर सगळे असले आणि त्याची बॅटरी संपली तर चौघेही दाराबाहेर राहतात.

खरी कसोटी लागते ती संग्रहालयात. एक भाऊ प्रत्येक चित्राखालची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो; बहीण तीन दालने पुढे जाऊन, बाकावर बूट सैल करून, दर दोन मिनिटांनी दाराकडे पाहत बसलेली असते. दोघांनाही दुसरा मुद्दाम असे करतो आहे असेच वाटते. वास्तविक बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच ‘संग्रहालयातील थकव्या’वर लिहिले होते. खालच्या बाजूला मांडलेल्या वस्तू आणि पाट्या पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे आणि अवघडावे लागते, हे त्यांनी छायाचित्रे काढून दाखवले. तेव्हा दीड-दोन तासांनंतरची चिडचिड हा स्वभावदोष न समजता पाठीचा आणि पायांचा थकवा समजावा. आत शिरताच वेगळे व्हावे, भेटण्याची वेळ ठरवावी आणि जागा नावानिशी सांगावी. ‘बाहेर भेटू’ एवढे पुरत नाही. लूव्रमधून काचेच्या पिरॅमिडखालून बाहेर पडता येते तसेच जमिनीखालच्या दुकानांच्या बाजूनेही, आणि दोन भावंडे दोन दारांशी एकमेकांवर चरफडत उभी राहतात.

हेच तत्त्व संपूर्ण दिवसाला लावावे असे माझे मत आहे. सकाळ एकत्र, दुपार ज्याची त्याची आणि संध्याकाळ पुन्हा एकत्र, ही रचना बहुतेकांना सोसते. आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या आहेत. ज्याला त्या चढायच्या आहेत त्याने चढाव्यात आणि गुडघे दुखणाऱ्याने लिफ्टने जावे किंवा खाली हिरवळीवर बसावे. एकत्र आलो म्हणजे प्रत्येक पाऊल एकत्रच टाकले पाहिजे, हा हट्ट बहुधा घरी बसलेल्या आईवडिलांना पाठवायच्या फोटोसाठी असतो, आणि फोटो संध्याकाळीही निघतो. मात्र वेगळे होण्यापूर्वी प्रत्येकाच्या फोनमध्ये शहराचा नकाशा इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवलेला असावा आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून खिशात असावा.

एवढे करूनही पारा चढलाच, तर चालत राहून वाद घालू नये. आधी बसायला जागा शोधावी, पाणी प्यावे, काहीतरी खावे, आणि पोटात गेल्यावरच पुढचे बोलावे. मग उरलेल्या यादीतले एक ठिकाण सरळ कापावे. ते कोणते, हे ज्याचे आवडते ठिकाण सकाळपासून मागे पडले आहे त्याने ठरवावे. ‘मी आधीच म्हटले होते’ हे वाक्य आणि लहानपणीची उदाहरणे त्या बाकावर काढू नयेत. रस्ता दाखवण्याचे काम एका वेळी एकाकडेच असावे. तो चुकला तरी पुढच्या चौकापर्यंत इतरांनी आपापले फोन बाहेर काढू नयेत, कारण तीन नकाशे तीन दिशा दाखवू लागले की चौकातच सभा भरते.

पैशांचा प्रश्नही तसाच. सकाळी सर्वांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकावी आणि प्रवास, तिकिटे, खाणे त्यातूनच भागवावे. दर वेळी कोणी किती दिले याची उजळणी टळते. स्वतःची खरेदी त्यात धरू नये. उरलेल्या रकमेचा हिशेब मात्र रात्री दमलेल्या अवस्थेत न करता दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी करावा.