इंजेक्टर काढण्याआधी: डिझेल गाडीच्या दुरुस्तीत या चुका टाळा

गाडी मिसिंग मारते, काळा धूर सोडते, पिकअप गेला, गॅरेजमध्ये निदान ठरलेलं असतं, "इंजेक्टर गेले, चारही काढा." इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग. 1248 सीसीचं 1.3 लिटर मल्टिजेट इंजिन घ्या. हेच इंजिन पुंटोत आणि इंडिका व्हिस्टात होतं, स्विफ्ट-डिझायरमध्येही होतं. यांतल्या बऱ्याच गाड्या अजून रोज रस्त्यावर आहेत. यांचे चारही इंजेक्टर एका झटक्यात बदलायचे म्हणजे मालकाच्या खिशाला मोठं भगदाड. त्यातून दोष दुसरीकडे असेल, तर खर्च होऊनही गाडी तशीच राहते.

धूर बघून थेट इंजेक्टरवर जाणं ही पहिली चूक. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. ते फाटलेल्या टर्बो होजमुळे, चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा उघडाच अडकलेल्या ईजीआर व्हॉल्व्हमुळेही (थोडा जळालेला धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) होतं. निळा धूर ऑइल जळण्याचा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर न जळलेल्या डिझेलचा. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) कमी असेल किंवा थंडीत सिलिंडर आतून तापवणारा ग्लो प्लग काम करत नसेल, तरी तो येतोच. म्हणून आधी फुकटातल्या गोष्टी बघा: डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी, आणि टाकीपासून पंपापर्यंत कुठे लाइन एअर धरते का. फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या वाडग्यात ओता. तळाशी पाणी बसलं किंवा चमचमणारा धातूचा चुरा दिसला, तर निम्मं निदान तिथेच झालं.

दुसरी चूक जीवावर बेतणारी आहे. जुन्या रोटरी किंवा इनलाइन पंपाच्या गाड्यांत चालू इंजिनवर एकेका नोझलचा पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मरतो ते बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर, म्हणजे रेल नावाच्या एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल मिळतं अशा इंजिनावर, हे कधीही करू नका. रेलमधला दाब आयडलिंगला 300 बारच्या आसपास असतो आणि भार आला की 1600 बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जवळजवळ 700 पट. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण आत डिझेल पसरून हात गमावण्याची पाळी येते. असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा आणि "जास्त दाबाचं डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा. सिलिंडर बंद करून बघायचा असेल तर स्कॅनरमधून (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं यंत्र) बंद करा. पायझो इंजेक्टरचं (कॉइलऐवजी विजेवर ताणणाऱ्या स्फटिकाने उघडणारा इंजेक्टर) विजेचं सॉकेट तर चालू इंजिनवर उपसूच नका.

आता निदानाचा खरा पाया: रिटर्न टेस्ट. इंजेक्टरच्या आतला कंट्रोल व्हॉल्व्ह किंवा त्याची सीट झिजली की रेलमधलं डिझेल सिलिंडरमध्ये जाण्याऐवजी रिटर्न पाइपने परत पळतं. गरम डिझेल पातळ होतं, म्हणून अशी गाडी सकाळी उठते आणि हायवेवर चहाला थांबल्यावर दहा सेल्फ खाते. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून प्रत्येकाखाली सारख्या मापाची नळी किंवा बाटली लावा. टाकीकडे जाणाऱ्या रिटर्न लाइनचं तोंड बंद करा, नाहीतर डिझेल इंजिनवर सांडेल. गरम इंजिन 2-3 मिनिटं आयडलिंगला चालवा आणि पातळ्या शेजारी शेजारी धरून बघा. एकाची पातळी बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट असेल तर संशयित सापडला. गाडी सुरूच होत नसेल तर 10 सेकंद सेल्फ मारून हीच टेस्ट करा. सोबत स्कॅनरवर रेलचा दाब बघा. सेल्फवर तो साधारण 200-250 बारपर्यंत चढला नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. दाब चढत नाही आणि चारही रिटर्न मात्र बेताचे, असं असेल तर इंजेक्टर सोडा आणि पंप, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर तपासा. काही युरोपीय गाड्यांतल्या पायझो इंजेक्टरना रिटर्नमध्येही दाब लागतो, तिथे ही बाटलीची टेस्ट चालत नाही.

स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं करेक्शन, म्हणजे ईसीयूने तिथे डिझेल किती कमी-जास्त केलं ते, दिसतं. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा फार वेगळा दिसला की तो इंजेक्टर खराब, असं लगेच समजू नका. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असलं तरी ईसीयू तिथे डिझेल वाढवून देते. कॉम्प्रेशन मोजा. ते बरोबर निघालं तर, समजा संशय 1 नंबरवर आहे, 1 नंबरचा इंजेक्टर 3 नंबरला आणि 3 नंबरचा 1 नंबरला टाका, इंजेक्टरवर कोरलेले कोडही ईसीयूत अदलाबदल करा. दोष सोबत गेला तर इंजेक्टरच दोषी. साध्या मल्टिमीटरने सोलेनॉइडचा (इंजेक्टर उघडणारी विजेची कॉइल) रेझिस्टन्स मोजून मात्र फारसं कळत नाही. तो अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तेवढी चूक मीटरच्या वायरींचीच निघते.

काढताना सगळ्यात जास्त नुकसान घाणीने होतं. नोझलची, म्हणजे इंजेक्टरच्या फवारा सोडणाऱ्या टोकाची, छिद्रं 0.1 ते 0.2 मिलिमीटरची, आतल्या भागांतली फट काही मायक्रॉनची. पाइप सोडण्याआधी आजूबाजूची धूळ साफ करा, सुटलेल्या प्रत्येक तोंडावर लगेच टोपी लावा. इंजेक्टरभोवती डांबरासारखी काजळी साठली असेल आणि फक-फक आवाज येत असेल, तर इंजेक्टर चांगला असून फक्त त्याच्याखालच्या कॉपर वॉशरमधून सिलिंडरचा गॅस निसटत असण्याची शक्यता मोठी. हा सगळ्यात स्वस्त दोष, आणि दुर्लक्ष केलं तर सगळ्यात महाग: काजळी इंजेक्टरला हेडमध्ये जखडून टाकते. मग पान्याने वरचं सोलेनॉइड पिळू नका. इंजिन कोमट करा, गंज सोडवणारं ऑइल रात्रभर मुरू द्या, स्लाइड हॅमरच्या पुलरने सरळ वर ओढा.

जुना वॉशर बाहेर आला का हे टॉर्च लावून बघा. तो आतच राहिला आणि वर नवा बसवला तर नोझल वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो. हेडमधली वॉशर बसायची सीट साफ करताना मधल्या भोकात ग्रीस लावलेलं कापड कोंबा, कटर हलक्या हाताने फिरवा, चकचकीत रिंग दिसली की थांबा. वॉशर दर वेळी नवा, त्याच जाडीचा. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्यानेच, आणि कंपनीने सांगितलं असेल तिथे तोही नवा.

अल्ट्रासॉनिक सफाईने नोझलवरचा कार्बन निघतो, इंजेक्टरच्या आतली झिजलेली सीट भरून येत नाही. म्हणून सफाईआधी आणि नंतरचा टेस्ट बेंचचा (काढलेला इंजेक्टर तपासायचं यंत्र) रिपोर्ट मागा. त्यात फुल लोड, आयडलिंग, प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) आणि रिटर्न हे चारही आकडे हवेत. नोझलच्या टोकावर तारेचा ब्रश चालवणाऱ्याकडून इंजेक्टर परत घ्या. बाकी तीन बेंचवर पास झाले तर एकच बदला. फिल्टरमध्ये चुरा सापडला असेल तर मात्र पंप, रेल, पाइप, टाकी सगळं साफ झाल्याशिवाय नवा इंजेक्टर बसवू नका, तो काही दिवसांत जाईल.

बसवल्यावर इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड ईसीयूत भरायला विसरू नका. तो राहिला की नवा इंजेक्टरही खडखडतो. हँड पंपाने एअर काढा, सेल्फ एका वेळी 10 सेकंदांहून जास्त नको. गळती हाताने चाचपू नका; पुठ्ठा धरून बघा, तोही लांबून. शेवटी ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गळक्या इंजेक्टरने ऑइल पातळ केलंय. गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, नाहीतर इंजेक्टर नीट होऊन बेअरिंग जातील.