खोका उघडून पाहिल्याशिवाय पिल्लांचे पैसे देऊ नका

कार्तिक सरत आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गावरान पिल्लांची खरेदी सुरू होते, कारण चैत्रातील जत्रांसाठी कोंबडा तयार व्हायला साडेतीन ते चार महिने लागतात. नेमक्या याच दिवसांत माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत रात्रीचा गारठा वाढतो, आणि थंडीच्या धास्तीने पिल्ले नुसती मोजून घाईने ब्रुडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या साधनाखाली, सोडली जातात. पिल्लू कोणत्या जातीचे आहे, नर आहे की मादी, हे त्या वेळी कोणी पाहत नाही. रोगाने मेलेले पिल्लू सकाळी डोळ्यांना दिसते. चुकीच्या पिल्लाचा तोटा मात्र तीन महिने खाद्य घातल्यावर कळतो, आणि माझ्या पाहण्यातील अनेक परसातील शेडे याच तोट्याने बंद पडली आहेत.

गेल्या हिवाळ्यात खटाव तालुक्यातील एका महिला बचत गटाने अंड्यांसाठी म्हणून १०० पिल्ले घेतली. ‘ऐंशी टक्के मादी निघतील’ असे तोंडी सांगितले होते आणि पावतीवर फक्त ‘गावरान पिल्ले १००’ एवढेच लिहिले होते. दहाव्या आठवड्यात मी शेडमध्ये गेलो, तेव्हा लाल तुऱ्याचे, म्हणजे नर, ८७ पक्षी मोजले. गटातील एका ताईंनी पहिल्या दिवशीचे छायाचित्र मोबाइलवर दाखवले, तर त्यात जवळजवळ सगळी पिल्ले फिकट पिवळसर होती. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित लेअर जातींमध्ये एक दिवसाची मादी तपकिरी आणि नर फिकट पिवळसर दिसतो. लेअरच्या हॅचरीला (अंडी उबवून पिल्ले विकणाऱ्या केंद्राला) हे नर नको असतात, म्हणून ते मातीमोल दराने बाहेर पडतात आणि गावोगाव ‘गावरान’ म्हणून फिरतात. रंगवलेली गुलाबी-हिरवी पिल्लेही बहुधा लेअरचे नरच असतात. ताईंनी खोका उघडून छायाचित्रही काढले होते. त्यात काय पाहायचे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

म्हणून या हंगामात पहिले काम हे करावे. खोक्यात साधारणपणे चार कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यातून पाच अशी वीस पिल्ले, पेटलेल्या ब्रुडरजवळ बसूनच, एकेक हातात घेऊन पाहावीत. अंगणात, वाऱ्यावर ही तपासणी करू नये.

कडकनाथचे पिल्लू निळसर काळे असून पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. नुसत्या काळ्या लवीवर विश्वास ठेवू नये, कारण ब्लॅक ऑस्ट्रालॉर्पचे पिल्लूही काळेच असते. फक्त त्याचे पोट आणि पंखांची टोके पांढुरकी असतात. कडकनाथची चोच, पायाची नळी, बोटे आणि पंखाखालची कातडी गडद असली पाहिजे. चोच हलकेच उघडून तोंडही पाहावे. वाळवा तालुक्यात २०१९ साली कडकनाथच्या करारपालनात शेतकऱ्यांचे पैसे कसे अडकले, हे या भागाने पाहिले आहे, तरीही काळे पिल्लू दिसले की दुप्पट भाव मोजला जातो. ऱ्होड आयलंड रेडचे पिल्लू लालसर तपकिरी असते. उघड्या मानेची जात पहिल्या दिवसापासून मानेवरूनच ओळखू येते. गिरीराज, वनराजा, ग्रामप्रिया यांची पिल्ले मात्र मिश्र रंगांची असल्याने डोळ्यांनी खात्री होत नाही. तेथे हॅचरीची पावती हाच पुरावा धरावा. सातव्या दिवशी दहा पिल्ले तोलावीत. वजन पहिल्या दिवसाच्या चौपट भरले, तर गावरान म्हणून ब्रॉयलर गळ्यात पडले आहेत, असे समजावे.

नर-मादी ओळखण्यात वेळेला फार महत्त्व आहे. काही संकरांत पंखांवरून लिंग कळते: पंख पंख्यासारखा हलक्या हाताने पसरल्यावर खालची मुख्य पिसे वरच्या आच्छादक पिसांहून स्पष्टपणे लांब असतील तर मादी, आणि दोन्ही सारखी असतील किंवा वरचीच लांब असतील तर नर. ही खूण पहिल्या दोन दिवसांतच पाहावी. पुढे नराची पिसेही वाढतात आणि फसगत होते. शिवाय आईबाप त्यासाठी मुद्दाम निवडलेले असतील तरच ती लागू पडते, म्हणून हॅचरीला तसे स्पष्ट विचारावे. गावरान आणि कडकनाथ पिल्लांत या खुणेवर विसंबू नये. गुदद्वार तपासण्याची पद्धत जपानमध्ये १९२० च्या दशकात विकसित झाली आणि तिला दीर्घ प्रशिक्षण लागते. ती घरी करून पाहू नये, कारण पोट दाबले गेले की आतील बलक फुटून पिल्लू दगावते. टोकदार अंड्यातून नर निघतो, किंवा मानेला धरल्यावर पाय लोंबकळले तर नर, या समजुतींवर पैसे लावू नयेत.

न निवडलेल्या पिल्लांत निम्मे नर धरूनच हिशेब करावा. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात तुरा मोठा व लालसर झालेले पक्षी वेगळे काढावेत. माझा स्वतःचा अंदाज असा आहे की, तिसऱ्या आठवड्यात शेडच्या दाराचा आवाज होताच जे पिल्लू मान ताठ करून उभे राहते, ते बहुधा नर निघते. पण विक्रीचा निर्णय तुरा पाहूनच घ्यावा. बाराव्या आठवड्याच्या सुमारास मानेवरची आणि पाठीची पिसे नरांत टोकदार व मादीत गोलसर दिसतात, तेव्हा शंका उरत नाही.

पावतीवर जात, नर-मादी की मिश्र, उबवणीची तारीख आणि मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिल्याची नोंद घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. खोक्यासोबत लिव्हर टॉनिक आणि जीवनसत्त्वांचा संच घेण्याचा आग्रह दुकानदार करतात. निरोगी पिल्लांना पहिले काही तास कोमट पाण्यात मूठभर गूळ आणि भरडलेला मका पुरतो, असा माझा अनुभव आहे. संचाचे पैसे निवडलेल्या मादी पिल्लांच्या वाढीव दराकडे वळवावेत.

नेहमीची कामे :
– गादी : भाताचे तूस किंवा शेंगांची टरफले, २ ते ३ इंच
– ऊब : पहिला आठवडा ९५ अंश फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी
– लासोटा (राणीखेत रोगाची लस) : ५ ते ७ वा दिवस, डोळ्यात एक थेंब
– गंबोरो रोगाची लस : १४ वा दिवस
– लासोटा पुन्हा : २८ वा दिवस
– देवी रोगाची लस : ६ ते ७ वा आठवडा
– आर-टू-बी (राणीखेतचीच पुढची लस) : ८ वा आठवडा, ०.५ मिली कातडीखाली

ज्यांना फक्त अंडी हवी आहेत, त्यांनी एक दिवसाची पिल्ले घेण्याऐवजी ८ ते १० आठवड्यांच्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्याव्यात. त्या वयात तुऱ्यावरून निवड करता येते आणि ब्रुडरचा खर्चही वाचतो. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट ५० टक्के अनुदानावर मिळतो; त्याची चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याच आठवड्यात करावी. गट ताब्यात घेतानाही २८ पक्ष्यांचे तुरे एकेक करून पाहावेत आणि मगच सही करावी.