सर्व्हरवर कोणतं विमान किती ठेवायचं

डीसीएस या विमान-लढाईच्या संगणक-खेळाच्या दुसऱ्या महायुद्धाच्या सर्व्हरवर विमानं अमर्याद ठेवली की जर्मन बाजूचे सगळे के-४ (मेसरश्मिट १०९ चं भारी रूप) घेऊनच उडतात. सरसकट मर्यादा घातली तर तासाभरात चॅटवर ‘इमानच नही शे’ (अहिराणीत, विमानच नाही) सुरू होतं आणि एकेक जण निघून जातो. म्हणून टंचाई फक्त भारी विमानांची करायची. साधं विमान शेवटपर्यंत मिळालंच पाहिजे.

आधी हिशेब. एका बाजूला ८ जण, ३ तासांचं मिशन, माणशी तासाला २ विमानं पडतील असं धरलं तर ४८ लागतात. नकाशा जून १९४४ च्या नॉर्मंडीचा असेल तर के-४ आणि डोरा (एफडब्ल्यू १९० डी-९) तेव्हा आलेच नव्हते, त्या वर्षाच्या शरद ऋतूत आले. त्यामुळे साधं विमान म्हणून ४२ एफडब्ल्यू १९० ए-८ द्या, के-४ फार तर ६, तेही मागच्या तळावर. लांबून उडत यावं लागलं की हाव आपोआप कमी होते. समोरच्या बाजूला स्पिटफायर अमर्याद ठेवा.

मिशन एडिटरमध्ये तळ निवडून रिसोर्स मॅनेजर उघडा, विमानांची ‘अनलिमिटेड’ची खूण काढा, आकडे भरा. हे त्या बाजूच्या प्रत्येक तळावर करा. एक जरी राहिला तरी सगळी गर्दी तिथेच. इंधन आणि दारूगोळ्याची मर्यादा वेगळी असते. सुरुवातीला त्यांना हात लावू नका, नाहीतर विमान आहे पण टाकी कोरडी.

सहाही के-४ एकदम सोडू नका. पहिले दोघं-तिघं हावरटच सगळे संपवतात आणि धुळे-जळगावची मंडळी जेवणं आटोपून येईपर्यंत काही उरत नाही. दर तासाला २ वाढवायचे असतील तर स्क्रिप्टमध्ये त्या तळाच्या वेअरहाउसवर (साठ्यावर) ‘अ‍ॅडआयटम’ ही साठा वाढवणारी आज्ञा चालवा. विमान जिथे उतरतं तिथल्या साठ्यात जमा होतं, म्हणून पुढच्या तळावर के-४ साचतायत का तेही बघत राहा.

आपल्याकडची खरी डोकेदुखी लाइटची. भर उन्हाळ्यात लाइट गेली, राऊटर बंद पडला की हवेतलं विमान गायब, साठ्यातूनही वजा. ते परत जमा करणारी स्क्रिप्ट लिहिता येते, पण शेवटच्या २ मिनिटांत गोळी लागली नसेल तरच जमा करा. नाहीतर शत्रू शेपटीवर आला की लोक मुद्दाम केबल उपटतात.

मिशन संपल्यावर उरलेले आकडे बघा. ए-८ दहाच्या खाली गेले असतील तर पुढच्या वेळी वाढवा. के-४ उरले असतील तर तसेच राहू द्या.