माशांचे पेलेट घेताय? या चुका टाळा

पाकिटावर रंगीत मासा छापलेला असला की ते खाद्य आपल्या माशांना चालतंच, असं धरून चालणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. चित्र सोडा. दाणा केवढा आहे ते बघा.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची दोन फुटी टाकी. त्यात टेट्रा आणि गप्पी हे छोटे मासे. पाणी दुधासारखं पांढरं झालेलं, मासे वर येऊन तोंड मारत होते. दुकानदाराने तीन औषधं दिली होती, ती सगळी घालून झाली होती. घाईघाईत फिल्टरचा स्पंजही नळाखाली चोळून धुतलेला. मी म्हटलं, "काका, आधी खायला घाला बघू." त्यांनी तीन मिलिमीटरचे पेलेट टाकले. टेट्रा धावत आले, दाणा तोंडात धरला, थुंकला, परत धरला, परत थुंकला. घरच्यांना वाटायचं, किती खातात! प्रत्यक्षात दाणे खडीत जाऊन बसत होते. सायफन, म्हणजे तळातली घाण ओढणारी नळी, लावला तेव्हा फुगून लगदा झालेले दाणे बाहेर आले आणि खोलीभर कुजका वास सुटला.

कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो निस्तरणारे जिवाणू राहतात स्पंजमध्ये, आणि नळाच्या क्लोरीनने नेमके तेच मारले होते. औषधं बंद केली, दोन दिवस माशांना उपास घडवला, रोज तिसरा हिस्सा पाणी अँटी-क्लोरीन घालून बदललं आणि बारीक दाणे आणले. पाणी हळूहळू निवळलं. पाणी गढूळ झालं की औषधाची बाटली शोधण्याआधी खडी तपासा, हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि प्रत्येक जण आधी बाटलीच आणतो.

माझी सवय अशी: दाणा माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा असेल तर घेत नाही. टेट्रा, गप्पींना एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, मध्यम गोल्डफिशला दोनच्या आसपास. नवीन पाकीट आणलं की चार दाणे वाटीभर पाण्यात दहा मिनिटं ठेवतो. किती फुगतात, लगेच विरघळतात का, तरंगतात की बुडतात, सगळं तिथेच कळतं.

दुसरी चूक म्हणजे किलोवर मिळणारे सुटे पेलेट. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, उघड्या पोत्यातलं खाद्य कधी आलंय ते विचारून कळत नाही. हवा लागली की त्यातलं क जीवनसत्त्व उतरतं आणि तेल खवट होतं. पावसाळ्यात तर बुरशी ठरलेलीच. गुठळ्या झालेले दाणे उन्हात वाळवून परत घालणारे लोक मी पाहिलेत. तसं अजिबात करू नका. उन्हाने ओल जाते, बुरशीचं विष जात नाही. दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि त्यात ओला हात घालू नका. वास खवट आला की फेकून द्या, मग ते कितीही महाग असो.

कोरीडोरास तळाशी खातात, त्यांना तरंगणारे दाणे घालून उपाशी मारू नका. बेट्टाला मात्र तरंगणारेच हवेत.

फ्लॉवरहॉर्नचे जास्त प्रथिनांचे पेलेट रोज गोल्डफिशला नकोत. गोल्डफिशला जठरच नसतं. म्हणून त्यांना दिवसातून दोनदा, थोडं थोडं, बुडणारं खाद्य घाला.

'आठवड्यात रंग खुलवतो' असं सांगणारे पेलेट मी घेत नाही. रंग यायला वेळ लागतो, ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी टाकी घेण्याची घाई करू नये.

दोन मिनिटांत संपेल तेवढंच टाका.

गणपतीला चार दिवस गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली आणि अख्खी बरणी देऊन जाऊ नका. मोठे, निरोगी मासे तेवढे दिवस न खाता नीट राहतात. कुणी खायला घालणारच असेल तर एका वेळेच्या पुड्या बांधून ठेवा आणि बरणी कपाटात कुलपात घाला.