एकच मोठी वेबसाइट की चार छोट्या? ठरवायचं कसं, आणि चुकलं तर गुंडाळायचं कसं

डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस हे सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतंच. मी सांगलीचा, एकेकाळी माझ्या चार साइट होत्या, हळद, द्राक्ष-बेदाणा, कास पठार आणि किल्ले. चारही अर्धवट. व्हिडिओवाले सांगतात 'निश पकडा', म्हणजे एकच बारीक विषय धरा, की लोक हळदीच्या करप्यावर (पानांवरच्या रोगावर) स्वतंत्र डोमेन घेऊन मोकळे.

आधी कागद घ्या आणि त्या विषयावर चाळीस लेखांची नुसती शीर्षकं लिहा. पंधराला अडकलात तर ती साइट नाही, कॅटेगरी आहे.

मग वाचक बघा, विषय नाही. हळदवाला आणि द्राक्षवाला, दोघंही औषधं, पाणी, कोल्ड स्टोरेज आणि मार्केट यार्डातला सौदा बघतात. बेदाण्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आणि हळदीला २०१८ ला, आणि 'जीआय म्हणजे काय' हा लेख मी दोन साइटवर दोनदा लिहिला, तेव्हा डोक्यात उजेड पडला की माणूस तोच आहे. त्यांची एक साइट करा. कासला जाणारा पुण्याचा माणूस मात्र वेगळा, त्याला करप्याशी काय घेणं? त्याची दुसरी साइट. आणि नुसत्या कासवर साइट काढू नका, फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, बाकीचे महिने कोण येणार? ठोसेघर, सज्जनगड, अजिंक्यतारा तिथंच घ्या, माणूस एका फेरीत सगळं बघतो. माझे किल्लेही शेवटी तिकडंच गेले.

नवीन सुरू करताय तर इथंच थांबा. ज्यांच्या आधीच चार आहेत त्यांनी पुढचं नीट वाचा, कारण मी इथंच तोंडावर आपटलोय.

एकत्र करताना मी काय केलं तर जुन्या साइटची सगळी पानं नव्या साइटच्या होमपेजवर रीडायरेक्ट केली, म्हणजे जुना पत्ता उघडला की आपोआप तिकडं जाईल असं केलं, एका झटक्यात, स्वतःवर खूश होऊन. 'हळद पेवात (साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात) किती दिवस टिकते' शोधणारा माणूस होमपेजवर येऊन पडला, त्याला पेव दिसेना, तो गेला. गूगलही असल्या रीडायरेक्टला बहुतेकदा 'पान सापडलं नाही' असंच धरतं. दोन वर्षांत जमवलेलं त्या पानांचं गूगलमधलं वजन मातीत.

योग्य पद्धत कंटाळवाणी आहे, पण तीच आहे. गूगलच्या सर्च कन्सोलमधून (शोधातून कुठल्या पानावर किती लोक येतात ते तिथं दिसतं) क्लिक येणाऱ्या पानांची यादी एक्सेलमध्ये काढा, शेजारच्या रकान्यात नव्या साइटवरचं नेमकं पान लिहा, एकास एक. आधी लेख नवीन जागी टाका, आतल्या लिंका दुरुस्त करा, मगच ३०१, म्हणजे कायमचा रीडायरेक्ट लावा. ३०२ नको, तो तात्पुरता असतो. दोन लेख एकच गोष्ट सांगत असतील तर चांगला ठेवा, दुसरा त्यात मिसळा आणि त्याचा पत्ता त्याच पानाकडं वळवा. ज्याला कोणी वाचत नाही आणि बाहेरून लिंकही नाही तो टाकून द्या, जीव अडकवू नका.

अजून एक, जुनी साइट रोबोट्स फाइलमधून (गूगलने कुठली पानं बघायची नाहीत ते त्यात लिहितात) ब्लॉक करू नका. एका मित्राने 'डुप्लिकेट होईल' म्हणून सांगितलं, मी केलं, आणि गूगलला रीडायरेक्ट दिसलेच नाहीत. ब्लॉकच केलंय तर बघणार कुठून तो?

एका साइटवर विषय वेगळे ठेवायला सबडोमेन (साइटच्या नावाआधी विषयाचं नाव) की फोल्डर (नावानंतर तिरकी रेघ आणि विषय) यावर भांडत बसू नका, फोल्डर करा.

जुन्या डोमेनचे पैसे मात्र भरत राहा. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असं गूगल स्वतः सांगतं, मी तर बंदच करत नाही, कारण तुम्ही सोडलेलं डोमेन उद्या कोणी जुगारवाला उचलतो आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तुमच्या जुन्या लिंका त्याच्याकडं जातात.