विकिपीडियावर लिहिताना: आधी संदर्भ, मग वाक्य

मराठी विकिपीडियावर लिहू पाहणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "कुणालाही संपादन करता येतं, बिनधास्त लिही." दुसरा, "आधी सगळी धोरणं वाच, मगच हात लाव." पहिला सल्ला ऐकणाऱ्याचं लिखाण दोन दिवसांत काढलं जातं आणि तो रुसून निघून जातो. दुसरा ऐकणारा धोरणांची पानं वाचून दमतो आणि एक ओळही लिहीत नाही. मी ठाण्यात राहते, ठाण्याशी संबंधित पानांवर बरीच वर्षं काम करते आहे आणि नव्या मंडळींना शेजारी बसवून शिकवलंही आहे. ज्या क्रमाने त्यांना शिकवते, तोच क्रम इथे देते.

खातं स्वतःच्या वापरासाठी उघडा. मंडळाच्या, दुकानाच्या किंवा संस्थेच्या नावाने उघडू नका, तशी नावं चालत नाहीत.

पहिले पंधरा दिवस नवा लेख नको. वेलांट्या, अनुस्वार, तुटलेली वाक्यं आणि चुकीच्या पानावर जाणारे दुवे दुरुस्त करा. साचे (लेखात वापरायचे तयार नमुने) किंवा तक्ते करून पाहायचे असतील तर त्यासाठी धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, आहे, चालू लेखावर प्रयोग करू नका. प्रत्येक बदलाच्या वेळी आढाव्याच्या चौकटीत काय केलं ते दोन शब्दांत लिहा आणि जतन करण्याआधी झलक पाहा. याच दिवसांत तुमच्या माहितीतल्या एखाद्या मोठ्या लेखाचं 'इतिहास पहा' आणि चर्चा पान उघडून शांतपणे वाचा. कोणतं वाक्य का काढलं, कोणत्या शब्दावरून वाद झाला, हे तिथे दिसतं. धोरणाची दहा पानं वाचून जे समजत नाही ते अशा एका इतिहासातून समजतं.

आता खरी अडचण. इथे जवळपास प्रत्येकजण अडखळतो, मीही अडखळले होते.

ठाण्याच्या रेल्वेवर मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाक्य असं होतं: "ठाणेकरांची मान अभिमानाने उंचावणारी भारतातील पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली." लहानपणापासून हेच ऐकलं होतं, त्यामुळे संदर्भ द्यावा असं मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अभिमान काढून टाकला होता आणि "पहिली रेल्वे" च्या जागी "पहिली प्रवासी रेल्वे" झालं होतं. मी "प्रवासी" काढला, समोरच्याने परत घातला. मी पुन्हा काढला, त्याने पुन्हा घातला. तिसऱ्या वेळी मी आढाव्यात चिडून लिहिलं, "हे सगळ्या जगाला माहीत आहे." त्यावर त्या सदस्याने चर्चा पानावर संदर्भासह लिहिलं, की मद्रासजवळच्या रेड हिल्सला दगड वाहून नेणारी रेल्वे १८३७ सालीच सुरू झाली होती. ठाण्याचा मान आहे तो प्रवाशांना घेऊन नियमित धावणाऱ्या पहिल्या गाडीचा. त्या एका शब्दात सोळा वर्षांचा इतिहास होता आणि मी तो तीनदा पुसला होता.

तेव्हापासून मी एकच नियम पाळते आणि इतरांनाही तोच शिकवते: आधी संदर्भ, मग वाक्य. बहुतेक जण उलट करतात. डोक्यातलं भराभर लिहून काढतात आणि मग प्रत्येक वाक्याला चिकटवायला दुवा शोधतात. तसं केलं की जो दुवा सापडेल तो लावला जातो, त्यात ती माहिती असो वा नसो. संदर्भ उघडून पाहिला आणि त्यात ती गोष्टच नाही असं निघालं, तर पुढे तुमच्या चांगल्या कामाकडेही लोक संशयाने पाहतात.

"मला माहीत आहे" हा संदर्भ होत नाही. तुम्ही खोटं बोलता असं कुणी म्हणत नसतं. वाचक तुमच्या आठवणीत शिरून खात्री करू शकत नाही, एवढाच मुद्दा आहे. विकिपीडियावर याला पडताळणी म्हणतात. याच्याच जोडीचं दुसरं धोरण म्हणजे मूळ संशोधन नको, म्हणजे आधी कुठेही प्रसिद्ध न झालेली माहिती लेखात नको. माझी आजी तलावपाळीवरच्या, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावरच्या, जुन्या दिवसांचं फार सुंदर सांगायची. ते सगळं मासुंदा तलावाच्या पानावर यावं असं मला मनापासून वाटायचं, पण ते तिथे बसत नाही. ते माझ्या वहीत आहे. उद्या कुणी ठाण्याच्या आठवणींचं नीट संपादित पुस्तक काढलं आणि त्यात ते छापून आलं, तर त्या पुस्तकाचा संदर्भ देता येईल.

मग संदर्भ आणायचा कुठून? नुसत्या गूगलवर विसंबू नका. आपल्या ठाण्यात १८९३ साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जाऊन बसा. ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं इंग्रजी गॅझेटियर तर आता इंटरनेटवरही वाचायला मिळतं. छापील पुस्तकाचा संदर्भ पूर्ण चालतो. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक एवढं द्या. पृष्ठ क्रमांक विसरू नका. चारशे पानांच्या ग्रंथाचं नुसतं नाव दिलं तर तपासणाऱ्याने कुठे शोधायचं? गॅझेटियर वापरताना एक भान ठेवा: ते ब्रिटिश अधिकाऱ्यांनी लिहून घेतलेलं आहे. जमिनी, तलाव, वस्ती यांची माहिती त्यातून घ्या. लोकांच्या स्वभावाविषयीची मतं मात्र तथ्य म्हणून उतरवू नका. घ्यायचीच असतील तर "गॅझेटियरमध्ये असे म्हटले आहे" असं स्पष्ट लिहा.

"असे म्हणतात" ने सुरू होणारं वाक्य लिहूच नका. ठाण्यात एके काळी साठ तलाव होते, हे आपण सगळेच सांगतो. पण म्हणतंय कोण? ज्या ग्रंथात ते आहे त्याचं नाव घ्या, आणि तो ग्रंथ ही लोकपरंपरा म्हणून सांगत असेल तर तुम्हीही तसंच सांगा. नाव सापडलं नाही तर वाक्य सोडून द्या.

सगळ्यात मोठा धोका गोल फिरणाऱ्या संदर्भाचा. मी एकदा एका वाक्यासाठी संदर्भ शोधत होते. एका संकेतस्थळावर अगदी हवं तसं वाक्य मिळालं आणि मी खूश झाले. मग लक्षात आलं, त्यातली चुकीची वेलांटी माझीच होती. मीच दोन वर्षांपूर्वी विकिपीडियावर लिहिलेला परिच्छेद त्यांनी जसाच्या तसा उचलला होता, आणि मी तोच पुरावा म्हणून लावायला निघाले होते. म्हणून वेबवरच्या मजकुराची तारीख पाहा, आणि तो लेखाच्या जुन्या आवृत्तीशी ताडून पाहा.

संदर्भ हातात आला की तो परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि आपल्या शब्दांत लिहा. मग पुस्तक उघडून सन, आकडे आणि नावं तपासा. पुस्तक समोर उघडं ठेवून चार शब्द इकडेतिकडे केले तर ती नक्कलच होते, आणि प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) कारणाने अख्खा परिच्छेद उडतो. वर्तमानपत्रातला मजकूर डकवणं तर अजिबात नको. इंग्रजी विकिपीडियावरून अनुवाद करता येतो, पण तो कुठल्या लेखावरून केला हे आढाव्यात लिहावं लागतं. यंत्राने केलेला अनुवाद न वाचता चढवू नका. तो साफ करायला दुसऱ्याला दुप्पट वेळ लागतो.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. चौकातल्या फ्लेक्सवर शोभणारा एकही शब्द लेखात नको. कार्यसम्राट, लाडके, सुप्रसिद्ध, अजरामर, दैदीप्यमान, सगळे काढा. आदरार्थी बहुवचन राहू द्या, मराठीत ते सहज येतं. माझं ते जुनं वाक्य आज असं लिहीन: "१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली." पुढे संदर्भ. ठाणेकर वाचकाची मान त्यानेही उंचावतेच, त्यासाठी विशेषण लागत नाही.

आता तुमचं लिखाण कुणीतरी उलटवेल, म्हणजे तुमचा बदल काढून आधीचा मजकूर परत आणेल. एकदा उलटवलं की तुम्ही लगेच परत घालू नका. समोरच्याचा आढावा वाचा, चर्चा पानावर जा, आपला संदर्भ मांडा, शेवटी चार टिल्ड चिन्हं (~~~~) टाकून सही करा आणि वाट पाहा. मराठीत नियमित लिहिणारे थोडे आहेत, उत्तराला चार-पाच दिवस लागू शकतात. समोरच्याच्या हेतूवर शंका घेऊ नका. अगदीच अडलं तर चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा. प्रचालक (व्यवस्थेचे जादा अधिकार असलेला सदस्य) हा न्यायाधीश नव्हे, "माझंच बरोबर ठरवून द्या" असा हट्ट त्याच्याकडे धरू नका.

हयात व्यक्तींबद्दल संदर्भाशिवाय एक अक्षरही नको, वाईट तर नकोच, चांगलंही नको. स्वतःवर, घरच्यांवर, आपल्या कंपनीवर किंवा संस्थेवर लेख लिहू नका. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते उघड सांगणं बंधनकारक आहे. छायाचित्रं स्वतः काढलेलीच कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवा.

लेख झाला की तो पहाऱ्याच्या सूचीत टाका, म्हणजे बदल झाला की कळेल. वेबवरचा संदर्भ दिला असेल तर ते पान त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून तोही दुवा जोडा. स्थानिक बातम्यांची पानं दोन-तीन वर्षांत नाहीशी होतात, आणि मग त्या वाक्यापुढे 'संदर्भ हवा' ची खूण येऊन बसते.