साग्रादा फामिलिया: आधी ऊन ठरवा, मग तिकीट

बार्सिलोनाच्या सहलीत साग्रादा फामिलिया बसवताना बहुतेक जण मोकळा तास शोधतात आणि त्या तासाचं तिकीट काढतात. तिथेच अर्धी मजा जाते. वास्तुकार आंतोनी गाउदीने या चर्चचा आतला भाग जंगलासारखा आखला: खांब म्हणजे झाडं, आणि फांद्यांमधून झिरपावा तसा वरून उतरणारा उजेड. तो उजेड दर तासाला बदलतो. म्हणून दिवस तुमच्या सोयीने निवडा, पण वेळ उन्हाकडे बघून निवडा.

त्यासाठी दिशा समजून घ्या. या भागातले रस्ते नकाशावर तिरके आहेत आणि चर्चही त्यांच्याच रेषेत उभं आहे. वेदी वायव्येला, मुख्य दाराची बाजू आग्नेयेला. येशूजन्माचा दर्शनी भाग ईशान्येला, दुःखसहनाचा (म्हणजे येशूच्या अखेरच्या यातनांचा) नैर्ऋत्येला. ईशान्येच्या काचा निळ्या-हिरव्या, नैर्ऋत्येच्या लाल, नारिंगी, पिवळ्या. जोआन विला-ग्राऊ यांनी या काचांचं काम १९९९ मध्ये हाती घेतलं. सकाळी आत गारवा वाटतो आणि संध्याकाळी निखारा पेटल्यासारखं दिसतं, ते या मांडणीमुळे.

उन्हाळ्यात (मे ते ऑगस्ट) निळा-हिरवा उजेड हवा असेल तर सकाळी ९ ते साडेदहा, आणि तांबडा हवा असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर जा. भर दुपारी सूर्य इतका वर असतो की रंग भिंतीजवळच पडतो, आत खोलवर पोचत नाही. हिवाळ्याचं गणित वेगळं आहे. डिसेंबरात सूर्य पूर्वेऐवजी आग्नेयेकडे सरकून उगवतो, त्यामुळे निळ्या काचांना ऊन जेमतेम चाटून जातं आणि दहाच्या सुमारास तेही संपतं. पण त्याच दिवसांत दुपारी ३ ते पावणेपाचच्या दरम्यान सूर्य खाली येऊन थेट नैर्ऋत्येच्या काचांसमोर असतो आणि नारिंगी पट्टे पार पलीकडच्या खांबांवर चढतात. वर्षातून एकच वेळ निवडायची असेल तर आमचा कौल हिवाळ्यातल्या निरभ्र दुपारला. ढगाळ दिवशी काचा रंगीत दिसतात, पण खांबांवर आणि फरशीवर रंग उतरत नाही.

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. दाराशी जाऊन काढू, या भरवशावर राहू नका. साधं तिकीट सुमारे २६ युरो, मनोऱ्यासह सुमारे ३६ युरो. दर बदलत असतात, तेव्हा काढताना तपासा. हे प्रायश्चित्ताचं मंदिर म्हणून १८८२ मध्ये दानाच्या पैशावर सुरू झालं आणि आजही बांधकामाचा खर्च देणग्या आणि तिकिटांतूनच निघतो. उन्हाळ्यात आणि ईस्टरच्या आसपास चांगल्या वेळा आधी संपतात, म्हणून तीन-चार आठवडे आधी काढलेलं बरं. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट घेत असाल तर रद्द करण्याचे नियम वाचून घ्या. मनोऱ्याच्या तिकिटावर मनोऱ्याची वेळ वेगळी असते. सकाळी ती प्रवेशानंतर लगेचची घेऊ नका, नाहीतर आतला उजेड ऐन भरात असताना तुम्ही लिफ्टच्या रांगेत असाल. सकाळी आलात तर मनोरा शेवटी ठेवा, संध्याकाळी आलात तर आधी.

मेट्रोच्या एल२ आणि एल५ या दोन्ही मार्गांवर ‘साग्रादा फामिलिया’ स्थानक आहे. वर आल्यावर मान वर करून बघत उभं राहणाऱ्यांची पाकिटं इथे सहज मारली जातात. पिशवी पुढे घ्या. दिलेल्या वेळेच्या किमान २० मिनिटं आधी पोचा, कारण विमानतळासारखी सामानाची तपासणी होते. मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका. कपड्यांचा नियम कडक आहे: खांदे झाकलेले, पाठ-पोट उघडं नाही, पारदर्शक कापड नाही, चड्डी किंवा स्कर्ट निदान अर्ध्या मांडीपर्यंत, आणि धार्मिक किंवा आरोग्याचं कारण नसेल तर डोक्यावर टोपी नाही. उन्हाळ्यात बिनबाह्यांचा कुर्ता घालून आलेले इथे अडतात. एक ओढणी पिशवीत असू द्या.

प्रवेश येशूजन्माच्या बाजूने आणि बाहेर पडायचं दुःखसहनाच्या बाजूने. एकदा बाहेर पडलात की परत आत येता येत नाही. म्हणून दारातून आत शिरण्याआधीच दहा मिनिटं या दर्शनी भागाला द्या. गाउदीच्या हयातीत उभा राहू लागलेला हा भाग आहे. दाराच्या दोन खांबांच्या तळाशी कासवं आहेत: समुद्राकडच्या बाजूला सागरी, डोंगराकडच्या बाजूला जमिनीवरचं. पायांत फरक बघा, एकाला वल्ह्यासारखे पर, दुसऱ्याला पंजे. वर हिरवं सुरूचं झाड आणि त्यावर पांढरी कबुतरं. दारं जपानी शिल्पकार एत्सुरो सोतोओ यांची. धातूच्या पानांच्या वेलीत किडे आणि फुलपाखरं लपली आहेत. मुलं बरोबर असतील तर त्यांना शोधायला लावा.

आत शिरलात की वेदी उजव्या हाताला येते. सगळे तिकडेच वळतात. तुम्ही डावीकडे वळा, आग्नेयेच्या दारापर्यंत चालत जा आणि मग मागे वळून बघा. आता वेदी समोर, निळा-हिरवा रंग उजवीकडे, तांबडा डावीकडे, आणि पूर्ण वन एका नजरेत. बाजूच्या छताची उंची ३० मीटर, मधल्याची ४५, मध्यचौकावर (उभं आणि आडवं दालन छेदतात तिथे) ६० आणि वेदीच्या वर ७५. उंची टप्प्याटप्प्याने वाढते, म्हणून नजर आपोआप वेदीकडे ओढली जाते.

नंतर एक खांब निवडा आणि त्याच्याजवळ पाच मिनिटं थांबा. तळाशी तो ताऱ्याच्या आकाराचा असतो. वर जाताना त्याच्या कडा वाढत जातात आणि शेवटी तो जवळजवळ गोल होतो, कारण एकाच आकाराला एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पीळ देऊन दोन्हींचा सामाईक भाग ठेवला आहे. त्यावर गाठ, आणि गाठीतून फांद्या. दगडांचे रंगही भारानुसार आहेत: हलक्या भाराला वालुकाश्म, मग ग्रॅनाइट, त्याहून जड भाराला काळसर बेसाल्ट, आणि मध्यचौकातल्या चार खांबांना लालसर पॉर्फिरी. आपल्या सह्याद्रीचा दगडही बेसाल्टच, तेव्हा तो ओळखू येईल. फांद्या तिरक्या असल्याने छताचा भार सरळ खाली उतरतो आणि भिंतींना बाहेरून टेकू लागत नाहीत. भिंती मोकळ्या राहिल्या म्हणूनच एवढ्या काचा बसवता आल्या.

फोटोत रंग फिके येतात, यात दोष फोनच्या आपोआप जुळवणीचा. तो नारिंगी प्रकाश ‘दुरुस्त’ करून पांढरट करतो. काचेच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, उजेड खाली ओढा आणि रंगसंतुलन सूर्यप्रकाशावर पक्कं करा. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत. खिडकीपेक्षा खांबावर पडलेला रंग टिपा; तो जास्त खरा येतो.

मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं, पण उतरायचं पायी, अरुंद गोल जिन्याने. शंखाच्या आतल्या वळणासारखा हा जिना सुंदर आहे, मात्र गुडघेदुखी किंवा चक्कर येणाऱ्यांनी टाळावा. ६ वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत. जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर मनोरे बंद ठेवतात. पाठीवरची पिशवी खाली कपाटात ठेवावी लागते. येशूजन्माच्या बाजूला दोन मनोऱ्यांना जोडणारा छोटा पूल आहे; दुःखसहनाच्या बाजूने शहर आणि समुद्र दिसतो. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मनोरा सोडून तेवढा वेळ बाकावर बसून उजेड सरकताना बघा. काही गमावल्यासारखं वाटणार नाही.

तळघरातलं संग्रहालय घाईत वगळू नका. तिथे दोऱ्यांना वजनं बांधून उलटं टांगलेलं एक प्रारूप आहे. दोरी आपल्या वजनाने जी वक्ररेषा घेते, तीच उलटी केली की दगडी कमानीला भार सोसण्यासाठी योग्य ठरते. प्रारूपाचा फोटो काढून फोन उलटा धरा, म्हणजे गाउदीची रीत डोळ्यांसमोर येईल. त्याची समाधी इथेच भुयारी प्रार्थनागृहात आहे. १० जून १९२६ रोजी, ट्रामच्या धडकेनंतर तीन दिवसांनी तो गेला.

बाहेर पडताना दुःखसहनाच्या बाजूवर शिल्पकार सुबिराक्स यांची टोकदार, कोरडी शिल्पं दिसतील. येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या चुंबनाच्या शिल्पाशेजारचा सोळा आकड्यांचा चौकोन शोधा: आडव्या, उभ्या, तिरक्या कुठल्याही ओळीची बेरीज ३३, परंपरेनुसार मृत्यूच्या वेळचं येशूचं वय. मग चर्चला वळसा घालून ईशान्येच्या प्लासा दे गाउदी बागेत जा. तळ्यापलीकडे उभं राहिलात तर येशूजन्माची बाजू पाण्यात उलटी दिसते. फोटोसाठी सकाळी ऊन त्या बाजूवर असतं, म्हणून सकाळचं तिकीट असेल तर ही फेरी आत जाण्याआधीच उरका.